मुरलेल्या खताचा हिशेब

इंग्लंडमध्ये हूसफील्ड नावाच्या शेतात एक पट्टा आहे. १८५२ पासून त्या पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत पडत होतं. १८७१ नंतर ते बंद केलं, आणि तेव्हापासून तिथे शेणखताची एक पाटीही पडलेली नाही. त्याच शेतातल्या दुसऱ्या एका पट्ट्याला मुळातच कधी खत मिळालेलं नाही. दोन्हींत दरवर्षी बार्लीच पेरतात. नांगरट तीच, पाऊस तोच. खत बंद होऊन शंभर वर्षं उलटल्यावर दोन्ही पट्ट्यांची माती तपासली, तेव्हा जुन्या खताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब अजूनही जास्त भरला. ज्यांनी ते खत गाड्या भरभरून रानात आणलं, त्यांची नातवंडंही तोवर म्हातारी झाली होती.

हे ऐकून आपल्याकडचा शेतकरी बुचकळ्यात पडेल. शेणखताचा जोर दोन-तीन हंगामांत ओसरतो, हा त्याचा नेहमीचा अनुभव. मातीत गाडलेल्या पाल्यातला बराचसा कर्ब वर्षभरात हवेत निघून जातो, हे प्रयोगशाळाही सांगते. मग शंभर वर्षांनी उरलं ते काय? एकाच गाडीतून आलेल्या खताचा काही भाग महिन्यांत संपतो आणि काही भाग तीन पिढ्या टिकतो, हे कसं? या प्रश्नाचं उत्तर देणारं एक गणित आज जगभर वापरात आहे. हवामानबदलाचे अंदाज बांधणारे ते वापरतात, शेतातल्या कर्बाचे पैसे मोजणारेही वापरतात. पण ते गणित ज्या शेतांतून निघालं त्या शेतांची गोष्ट मला गणिताइतकीच मोलाची वाटते, कारण त्यातला जवळपास प्रत्येक आकडा कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी जाऊन माती उकरून आणल्यामुळे हाती आला आहे.

लंडनच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर, हार्पेन्डन गावाजवळ, रॉथम्स्टेड नावाची जमीनदारी होती; हूसफील्ड हे तिथलंच शेत. तिचे वारस जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ साली सुपरफॉस्फेट बनवण्याचं पेटंट मिळवलं आणि खताचा कारखाना काढला. पुढच्या वर्षी त्यांनी जोसेफ हेन्री गिल्बर्ट या तरुण रसायनशास्त्रज्ञाला हाताशी घेतलं. १८४३ च्या शरद ऋतूत, म्हणजे इकडे सांगलीत विष्णुदास भावे 'सीता स्वयंवर'चा पहिला प्रयोग करत होते त्या सुमारास, दोघांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच द्यायचं नाही, एकाला शेणखत, बाकीच्यांना नत्र, स्फुरद, पालाश यांची वेगवेगळी जुळणी. गिल्बर्ट जर्मनीत युस्टुस फॉन लीबिग यांच्याकडे शिकलेले. खनिजं पुरवली की नत्र पिकाला हवेतून पुरेसं मिळतं, असं लीबिग यांचं मत. ब्रॉडबाल्कने थोड्याच वर्षांत दाखवून दिलं की नत्राशिवाय गहू धड उभा राहत नाही.

उत्तर मिळालं तिथे प्रयोग संपवता आला असता. लॉज आणि गिल्बर्ट यांनी तो संपवला नाही. दोघांनी ५७ वर्षं एकत्र काम केलं आणि शेत आपल्या मागे चालू राहावं म्हणून लॉज यांनी १८८९ साली एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी बाजूला काढून ठेवला. ब्रॉडबाल्कमध्ये आजही गहू पेरला जातो. कधीच खत न मिळालेल्या पट्ट्यात हेक्टरी साधारण एक टन गहू अजून येतो. दरवर्षी शेणखत मिळणाऱ्या पट्ट्यातला कर्ब त्याच्या दुपटीच्या पुढे गेला आहे. आधीची काही दशकं तो भराभर वाढला, मग वाढ मंदावत गेली.

या कामातली सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट म्हणजे त्यांनी नमुने टाकून दिले नाहीत. धान्य, पेंढा, माती, खत, सगळं वाळवून बाटल्यांत भरलं, बुचं मेणाने बंद केली, वर्ष आणि पट्ट्याचा क्रमांक लिहिला आणि फळीवर ठेवलं. आज त्या संग्रहात तीन लाखांहून अधिक नमुने आहेत. या बाटल्यांचा पुढे काय उपयोग होईल हे ठेवणाऱ्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आनुवंशिकतेचा रेणू त्यांच्या काळी कुणाला माहीत नव्हता, तरी २००५ साली त्याच जुन्या गव्हातून पानांवरच्या दोन बुरशींचा डीएनए काढला गेला. त्या दोन बुरशींपैकी कुठली कधी वरचढ होती याचा माग दीडशे वर्षं मागेपर्यंत लागला, आणि त्याचा मेळ ब्रिटनच्या कारखान्यांतून निघणाऱ्या गंधकाच्या धुराशी बसला. २००८ सालच्या आणखी एका अभ्यासात त्याच धान्यातलं जस्त आणि लोह मोजलं. १८४५ पासून १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन्ही जवळपास स्थिर होती. बुटके, भरघोस उतारा देणारे वाण आल्यापासून ती घटली. मातीतलं जस्त-लोह मात्र कमी झालेलं नव्हतं. ज्या देशात पोटं भरली पण रक्तातलं लोह कमी आहे, त्या आपल्या देशाने हा निष्कर्ष दोनदा वाचावा असा आहे.

इतक्या आकड्यांचा अर्थ लावायला माणूस हवा म्हणून १९१९ साली रोनाल्ड फिशर यांना रॉथम्स्टेडला बोलावलं गेलं. ब्रॉडबाल्कच्या वहीतून पिकाच्या चढउतारातला किती भाग पावसामुळे, किती जमीन खंगल्यामुळे, किती नुसत्या योगायोगाने, हे वेगळं काढता काढता त्यांनी आधुनिक प्रयोगशास्त्राचा पाया घातला. तोच धागा आपल्याकडे वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ सालच्या पुस्तकातून आला. कृषी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकलेल्या कुणालाही 'पानसे-सुखात्मे' हे जोडनाव माहीत असतं.

आता मूळ प्रश्नाकडे. डेव्हिड जेंकिन्सन १९५० च्या दशकात रॉथम्स्टेडला आले आणि मातीतल्या कर्बाचं पुढे काय होतं याच्या मागे लागले. त्यांनी रायगवत अशा बंदिस्त जागेत वाढवलं की तिथल्या हवेतला कार्बन किरणोत्सारी होता, म्हणजे त्या गवताच्या प्रत्येक पानावर जणू शिक्का बसला. ते गवत रानातल्या मातीत मिसळलं आणि ठरावीक काळाने शिक्क्याचा कार्बन किती उरला ते मोजत गेले. एका वर्षाने सुमारे एक तृतीयांश उरला. त्यानंतर घट अगदी संथ झाली. एकाच वेगाने कुजणारा पदार्थ असा वागत नाही. त्यात निदान दोन वेगवेगळ्या चाली असल्या पाहिजेत, हे त्या वक्ररेषेवरूनच दिसत होतं.

मातीतले जिवंत जंतू किती, हेही कळायला हवं होतं. जेंकिन्सन आणि डेव्हिड पॉल्सन यांनी त्यासाठी १९७६ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. मातीला क्लोरोफॉर्मची धुरी द्यायची, म्हणजे जंतू मरतात. मग धुरी काढून थोडी ताजी माती मिसळायची. नवे जंतू मेलेल्यांवर ताव मारतात आणि जो जास्तीचा कार्बन डायऑक्साइड निघतो त्यावरून आधी किती जीव होता त्याचा अंदाज बांधायचा.

१९७७ साली जेंकिन्सन आणि जे. एच. रेनर यांनी सगळं जुळवून मॉडेल मांडलं. पुढे केव्हिन कोलमन यांच्याबरोबर सुधारत गेलेल्या त्याच्या आजच्या रूपाला रॉथ-सी म्हणतात. त्यात मातीतला सेंद्रिय कर्ब पाच कप्प्यांत वाटलेला आहे. पहिला लवकर कुजणाऱ्या पदार्थाचा: हिरवा पाला, कोवळी मुळं. दुसरा चिवट पदार्थाचा: तुराट्या, पऱ्हाट्या यांतला काष्ठमय भाग. तिसरा जंतूंचा. चौथा ह्यूमसचा, म्हणजे कुजून काळा झालेल्या, मातीच्या कणांना धरून बसलेल्या द्रव्याचा. पाचवा जवळपास निष्क्रिय कर्बाचा, ज्यात कोळशाचे कणही येतात.

नियम एकच आहे: जेवढं शिल्लक, त्याचा ठरावीक हिस्सा दर महिन्याला जातो. हा हिस्सा कप्प्यागणिक वेगळा. रॉथम्स्टेडच्या थंडीत, माती ओली असताना, पहिल्या कप्प्यातला निम्मा कर्ब २५ दिवसांत जातो. चिवट कप्प्याचा निम्मा जायला सव्वादोन वर्षं लागतात, जंतूंच्या कप्प्याला एक वर्ष, आणि ह्यूमसला जवळपास ३५ वर्षं. कुजलेला सगळाच कर्ब हवेत जात नाही, काही भाग जंतूंच्या आणि ह्यूमसच्या कप्प्यांत परत जमा होतो. किती, ते मातीतल्या चिकण कणांवर ठरतं. रॉथम्स्टेडच्या मातीत चिकण सुमारे २३ टक्के आहे. तिथे शंभर भाग कर्ब कुजला तर ७८ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात आणि २२ मातीत राहतात. पाच टक्के चिकण असलेल्या रेताड जमिनीत राहतात १७. पंचावन्न टक्के चिकण असलेल्या काळ्या रानात, याच सूत्राने, २४.

हूसफील्डचं कोडं इथे सुटतं. वीस वर्षं पडलेल्या खताचा मोठा वाटा तेव्हाच उडून गेला, पण दरवर्षी थोडा ह्यूमसच्या कप्प्यात उतरत राहिला. पस्तीस वर्षांत निम्मा या हिशेबाने शंभर वर्षांनी त्याचा सातवा हिस्सा तरी शिल्लक असायला हवा. प्रत्यक्षात वर्षातले काही महिने माती कोरडी असते, पिकाखाली झाकलेली असते, तेव्हा कुजणं आणखी मंद होतं आणि उरलेला वाटा आणखी मोठा भरतो.

पाचव्या कप्प्याची गरज वेगळ्याच वाटेने कळली, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. १९४९ साली विलार्ड लिबी यांनी कार्बन-१४ वरून वय काढायची पद्धत मांडली. ती वापरून रॉथम्स्टेडच्या १८८१ सालच्या बाटलीतल्या मातीचं वय काढलं, तर तिथल्या कर्बाचं सरासरी वय हजार वर्षांहून अधिक निघालं. पस्तीस वर्षांत निम्मा होणारा ह्यूमस एवढा म्हातारा असू शकत नाही. म्हणजे थोडा तरी कर्ब फार प्राचीन असून कशालाच दाद देत नाही. मग १९५० आणि ६० च्या दशकांत अणुबाँबच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ जवळपास दुप्पट झाला. १९६३ च्या सुमाराला तो शिगेला पोचला आणि उघड्यावरच्या चाचण्यांना आळा घालणाऱ्या करारानंतर उतरत गेला. त्या वर्षांत वाढलेल्या प्रत्येक पिकाने ही खूण मातीत नेली. जेंकिन्सन यांच्याकडे बाँबच्या आधीची मातीही होती आणि नंतरचीही. खूण मातीत किती वेगाने शिरली, त्यावरून त्यांना आपले कप्पे तपासता आले. माणसाने हवेत घातलेल्या विषाचा असा उपयोग झाला, आणि तो झाला तो आधीचा नमुना फळीवर होता म्हणून. आधीचा नमुना नंतर कुठूनही आणता येत नाही.

मॉडेल खरं ठरायचं तर ज्या शेतावर ते घडवलं त्याच्या बाहेरही ते चाललं पाहिजे. शेजारीच एक कसोटी होती. १८८२ साली ब्रॉडबाल्कच्या टोकाचा एक तुकडा उभ्या गव्हासकट कुंपण घालून सोडून दिला. चार-पाच वर्षांत गहू नाहीसा झाला. आज तिथे मोठ्या वृक्षांचं रान आहे. न नांगरलेल्या त्या मातीत कर्ब कसा चढत गेला याच्याही नोंदी आहेत.

खरी दूरची कसोटी मात्र नायजेरियात झाली. जेंकिन्सन आणि तिथले ए. आयानाबा यांनी तेच शिक्का मारलेलं रायगवत इबादानच्या मातीत कुजवलं. रॉथम्स्टेडचं सरासरी तापमान नऊ अंशांच्या थोडं वर, इबादानचं सव्वीस अंश. १९७७ साली आलेला निष्कर्ष विलक्षण साधा होता. कुजण्याच्या रेषेचा आकार दोन्हीकडे सारखाच, फक्त इबादानमध्ये सगळं चौपट वेगाने घडतं. इंग्लंडला वर्ष लागतं तिथे इबादानला तीन महिने. रॉथ-सीच्या तापमानाच्या सूत्रात २६ अंश घातले तर उत्तर येतं चार.

पुण्याची किंवा अकोल्याची वार्षिक सरासरीही याच घरातली आहे. म्हणजे आपल्या रानात टाकलेलं खत इंग्लंडच्या चौपट वेगाने संपतं का? वर्षभराचा हिशेब इतका सरळ नाही. मॉडेलमध्ये ओलावाही आहे. माती पुरती वाळली की कुजण्याचा वेग एक पंचमांशावर येतो. फाल्गुन-चैत्रात रान तापतं तेव्हा उष्णतेमुळे चौपट आणि कोरडेपणामुळे एक पंचमांश, म्हणजे एकूण वेग रॉथम्स्टेडच्या ओल्या दिवसांहून कमीच. मृगाचा पाऊस पडला की ओल येते, ऊब असतेच, आणि चौपट वेग मोकळा सुटतो. आपल्या मातीचा वर्षभराचा बराचसा खर्च जून ते ऑक्टोबर या महिन्यांत होतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखवलं होतं की कडक वाळलेली माती पहिल्यांदा भिजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड आणि नत्र यांचा लोंढाच सुटतो. उन्हात तापलेल्या रानातलं खरिपाचं पीक सुरुवातीला तरारून येतं, त्यामागे हेही एक कारण आहे. रॉथ-सी महिन्याच्या पावलाने चालतं. चार-पाच दिवसांचा हा लोंढा त्याला दिसत नाही.

काळ्या मातीच्या बाबतीत त्याला आणखीही काही दिसत नाही. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, काही हात-दीड हात खोल, काही त्याहून खोल. वरची भुसभुशीत माती त्यांत पडते, पावसाने माती फुगली की ती तिथेच गाडली जाते. रॉथ-सीची माती म्हणजे वरचा २३ सेंटिमीटरांचा एक थर. वरचा कर्ब खाली गेला तर त्या हिशेबात तो हरवला. शिवाय दख्खनच्या मातीत चुनखडी असते. चुनखडीतही कार्बन आहे, पण तो खनिज कार्बन आहे. माती जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्राला हा फरक कळत नाही. आधी आम्ल घालून चुनखडी काढली नाही, तर नापीक चुनखडीचं रानही कर्बाने संपन्न दिसू शकतं.

म्हणून इथल्या मातीचं गणित इथल्या शेतांवरच तपासावं लागतं, आणि तशी शेतं आपल्याकडे आहेत. रॉथम्स्टेडच्या धर्तीवर कानपूरला १८८५ साली प्रयोग सुरू झाला होता. कोइमतूरला १९०९ साली सुरू झालेला कायम खतप्रयोग शंभरी ओलांडून गेला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० साली दीर्घकालीन खतप्रयोगांची देशव्यापी योजना आखली. तीत पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गव्हाचा प्रयोग उभा राहिला. या सगळ्या केंद्रांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली: नुसतं नत्र देत राहिलं तर जमीन खचते आणि रासायनिक खताला शेणखताची जोड दिली तर उतारा टिकतो. हिमाचलातल्या पालमपूरच्या आम्ल मातीत फक्त नत्र मिळालेल्या तुकड्यांचं उत्पादन जवळजवळ शून्यावर आलं. दोन-तीन वर्षांच्या प्रयोगात हे कुणाला कळलं नसतं, कारण पहिली काही वर्षं ते तुकडे चांगले पिकत होते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी काळ्या मातीतल्या अशा चार दीर्घ प्रयोगांवर रॉथ-सी तपासून पाहिलं, आणि अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात घडलेलं सेंचुरी हे दुसरं मॉडेल अकोल्याच्या आकड्यांवर. मॉडेलच्या फुशारक्या पुष्कळ ऐकू येतात. अशी तपासणी दुर्मीळ असते आणि तिचं कौतुक त्याहून दुर्मीळ.

इंग्लंडच्या त्या शेतांचा आणि आपला संबंध जुना आहे. ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८६० च्या दशकात ब्रॉडबाल्कच्या खालून निचऱ्याच्या नळांतून येणारं पाणी तपासून दाखवलं की दिलेल्या खतातलं नत्र पावसाळी पाण्याबरोबर वाहून जातं. त्यांचे पुत्र जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांना सरकारने १८८९ साली हिंदुस्थानची शेती पाहायला पाठवलं. १८९३ साली छापलेल्या त्यांच्या अहवालात इथल्या शेतकऱ्याच्या कसबाबद्दल आदर आहे आणि एक मोठी खंतही आहे: शेण चुलीत जातं. गावाजवळ सरपणाची राखीव राने वाढवा, म्हणजे शेण शेतात परतेल, असा त्यांचा आग्रह होता. हेरॉल्ड मॅन यांचं नाव तर पुण्याला परकं नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक असलेल्या मॅन यांनी पिंपळे सौदागर आणि जातेगाव बुद्रुक या गावांचा घरोघर हिशेब मांडला. दुसऱ्या गावी ना. वि. कानिटकर त्यांच्या सोबत होते. निवृत्त होऊन परतल्यावर मॅन यांनी पुढची बरीच वर्षं रॉथम्स्टेडच्याच वोबर्न केंद्राचा कारभार पाहिला.

व्होएल्कर यांची शेणाची खंत आज नव्या वेषात समोर आली आहे. २०१५ च्या पॅरिस परिषदेच्या वेळी फ्रान्सने 'हजारी चार' हा उपक्रम पुढे आणला. जगातल्या मातीतला कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवला तर हवेतल्या कार्बनवाढीला मोठा आळा बसेल, ही त्यामागची कल्पना. रॉथम्स्टेडच्या मंडळींनी २०१८ साली आपल्या सोळा दीर्घ प्रयोगांच्या आकड्यांवर ती पारखली. कर्ब या वेगाने वाढलेले पट्टे पुष्कळ निघाले. पण ते कसे वाढले? हेक्टरी ३५ टन शेणखत घालून, किंवा पीक घेणं सोडून जंगल वाढू देऊन. एवढं शेणखत प्रत्येक शेताला मिळूच शकत नाही. एका शेतात जास्तीचं खत पडतं ते दुसऱ्या कुठल्या तरी शेताचा चारा खाऊन झालेलं असतं. एका रानाचा कर्ब वाढला म्हणून वातावरणातला तेवढा कमी झाला, असं म्हणता येत नाही. उलट तापमान वाढलं की मातीच कर्ब सोडू लागते. जेंकिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली रॉथ-सीवरून काढलेला अंदाज असा होता: तापमान वर्षाला ०.०३ अंशाने वाढत गेलं, तर साठ वर्षांत जगाच्या मातीतून ६१ अब्ज टन जास्तीचा कार्बन हवेत जाईल. ब्रिटनच्या हवामान मॉडेलमध्ये मातीचा जो भाग आहे, त्यात आज रॉथ-सीचेच कप्पे बसवलेले आहेत.

आणि आता शेतकऱ्याच्या दारात कार्बन क्रेडिटचे करार येऊ लागले आहेत. मातीत कर्ब साठवा, पैसे मिळवा. यातला मोजणीचा भाग सही करण्याआधी समजून घ्यायला हवा, म्हणून एक हिशेब मांडतो. एक हेक्टर रान, वरचा २३ सेंटिमीटरांचा थर, घनता १.३ धरली तर मातीचं वजन भरतं सुमारे तीन हजार टन. समजा सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के आहे, म्हणजे १५ टन. दरवर्षी हेक्टरी १० टन शेणखत घातलं, त्यातलं निम्मं पाणी सोडलं, तर कर्ब पडला दीड टनाच्या आसपास. वर सांगितलेल्या वेगाने त्यातला वर्षाअखेर फार तर दोन-तीनशे किलो टिकेल. आता पंधरा टनांत दोनशे किलोंची भर पडल्यावर टक्केवारी होते ०.५०७. मृदा आरोग्य पत्रिकेवर छापताना ते ०.५१ होईल. पण त्याच शेतात बांधाकडचा नमुना ०.४५ आणि गोठ्याकडचा ०.६० येऊ शकतो. वर्षाची खरी भर या फरकात पूर्ण बुडून जाते. ती दिसू लागायला दहा वर्षांच्या आसपास जावी लागतात, तीही खत नेमाने पडत राहिलं तर. दोन-तीन वर्षांत कर्ब इतका वाढला असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर ते मोजून सांगत नाही, मॉडेलवरून सांगतं. मॉडेलवरून सांगायला हरकत नाही. फक्त ते कुठल्या मातीवर तपासलेलं आहे, हे शेतकऱ्याने विचारायला हवं, आणि उत्तर लेखी घ्यायला हवं.

आपल्या रानाचा हिशेब स्वतः ठेवणंही अशक्य नाही. नमुना घेताना जागा लिहून ठेवायची. फोनमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात. महिना ठरवून घ्यायचा, खरिपाआधीचा असेल तर दरवेळी खरिपाआधीचाच. त्या वर्षी किती गाड्या खत पडलं, पालापाचोळा जाळला की गाडला, पाऊस किती झाला, हे वहीत उतरवायचं. प्रयोगशाळेत पाठवून उरलेल्या मातीतली अर्धा किलो सावलीत वाळवून, बरणीत घट्ट झाकण लावून, तारीख लिहून ठेवली तर उत्तमच. आणि काळं रान असेल तर एक गोष्ट जास्तीची करावी लागते. ही माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे वैशाखातल्या २३ सेंटिमीटरांत आणि श्रावणातल्या २३ सेंटिमीटरांत माती सारखी नसते. खोलीबरोबर ठरावीक मापाच्या नळकांड्यातल्या कोरड्या मातीचं वजनही लिहिलेलं असलं, तर पाच-सात वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात काढलेला नमुना आधीच्या नमुन्याशी खरोखर ताडून पाहता येतो.